आधीचे पंधरा

प्रिय पक्या,

दोन वर्षं तुला फोन नाही, चूक माझीच. बीपी गोळीवर ठीक आहे. लिहायचं कारण ईशा. काल मोठ्या हौसेने तिच्यासमोर आपल्या लाडक्या 'फायनल फँटसी' या व्हिडिओ गेमचा सोळावा भाग लावला. नाव वाचून ती म्हणाली, "बाबा, आधीचे पंधरा खेळावे लागतात का?" मी म्हटलं, छे, दर वेळी गोष्ट वेगळी, माणसं वेगळी. "मग नंबर कशाला?" म्हणाली आणि उठून गेली. हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

विक्री का घसरली यावर आपण किती भांडलो! 2016 मध्ये पंधरावा पहिल्याच दिवशी, दुकानात पाठवलेला आणि डाउनलोड मिळून, 50 लाखांवर गेला. 2023 मध्ये सोळाव्याचे पहिल्या आठवड्यात 30 लाख. पुढच्या वर्षी 'रीबर्थ', म्हणजे सातव्याचाच नवा अवतार. मग गेम काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्सनेच मान्य केलं की अपेक्षेइतकं जमलं नाही. तू म्हणायचास, एकट्या प्लेस्टेशन 5 च्या दावणीला बांधलं म्हणून. ते खरंच, पंधरावा एक्सबॉक्सवरही होता. आता कंपनीही पीसीकडे वळली. आणि 'रीबर्थ' तर तीन भागांतला मधला, पहिला न खेळलेला माणूस तो घेईलच कशाला?

मी मात्र अडून बसायचो की पाळीपाळीने लढणं सोडलं तिथेच घात झाला. 2025 मध्ये त्या फ्रेंच स्टुडिओचा 'क्लेअर ऑब्स्क्युर' आला, टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीनेच लढायचं, 33 दिवसांत 33 लाख! तुला ओरडून सांगायला नंबर काढला होता रे. लावला नाही.

पण काल ईशा उठून गेली आणि वाटलं, आपण दोघंही भलतीकडेच बघत होतो. 1997 ते 2001 मध्ये आपल्याला सातवा, आठवा, नववा, दहावा मिळाला. एक संपतो तोवर दुसऱ्याची चर्चा. आठव्यावरून तू माझ्याशी महिनाभर अबोला धरलास, तो मिटला तेव्हा नववा आला होता! आणि आता? तेरावा 2009, पंधरावा 2016, सोळावा 2023. मधला चौदावा ऑनलाइन, त्याचं जग निराळं. सात-सात वर्षं! ईशा दहाची आहे. पुढचा इतकाच लांबला तर तोवर तिच्या आवडी पक्क्या झालेल्या असतील, आणि त्यात हा नसेल. नवी मुलं आत येतच नाहीत पक्या. घेणारे आपणच, आणि आपल्यातलेही गळतायत. सुध्या गेल्या दहा वर्षांत एकही खेळला नाही, तरी सातव्यात मरणाऱ्या एरिसला वाचवायची युक्ती आपल्यालाच माहीत आहे म्हणतो.

खेळ वाईट झाले असते तर इतकं लागलं नसतं. सोळाव्यातली ती राक्षसांची झुंज बघताना मी उभा राहिलो होतो.

नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. काकूंचा गुडघा कसा आहे?

आणि सातव्याची पहिली डिस्क तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नकोस. दुसरी-तिसरी माझ्याकडे आहेत, जुना प्लेस्टेशन अजून चालतो. ईशाला तिथूनच सुरुवात करून द्यायचीय. आणून दे, पाठवू नकोस.

तुझा,
नंदू