पाटकऱ्याच्या दगडी घराला सिमेंट नको

महोदय,

जुन्या कालव्यांच्या काठी पाटकऱ्यांसाठी, म्हणजे पाटाचे पाणी सोडणाऱ्या कामगारांसाठी, बांधलेली काळ्या दगडाची छोटी घरे अजून उभी आहेत. त्यांची दुरुस्ती निघाली की पहिले काम ठरलेले: सिमेंटने दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरणे. ते थांबवावे, एवढ्यासाठी हे पत्र. जलसंपदा खात्याचा कारभार मुंबईतून चालतो, म्हणून इथूनच लिहीत आहोत.

खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले. त्या काळची ही बांधकामे चुन्यातली. काळा दगड पाणी फारसे पीत नाही. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती चुन्याच्या दरजांतून. त्या सिमेंटने बुजवल्या की ओल आत वळते. आतला गिलावा फुगतो, बोट लावले तरी पापुद्रा सुटतो आणि खाली पांढरा लोणा, म्हणजे क्षार, दिसतो. शिवाय सिमेंट आक्रसून दगडापासून केसभर सुटते. त्या फटीतून पावसाचे पाणी आतल्या भरावात जाते आणि चुना धुऊन नेते. भिंत बाहेरून ठणठणीत, आतून पोकळ. मुंबईतल्या मऊ पोरबंदरी दगडाच्या इमारतींवर हीच चूक झाली की दगड झिजतो आणि सिमेंटच्या रेघा पुढे राहतात.

दरजा छिन्नी-हातोडीनेच उकराव्यात. ग्राइंडरचे पाते दगडाच्या कडा खाते. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान एक इंच. धूळ काढून भिंत भिजवावी. निदान तीन आठवडे विरवलेला कळीचा चुना एक भाग, सुरखी (विटांची पूड) एक भाग आणि चाळलेली वाळू दोन भाग घ्यावी. ‘थोडे सिमेंट’ त्यात घालूच नये. माल थराथराने दाबून भरावा आणि दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. उन्हाने झटकन सुकला तर चुन्याचे पीठ होऊन गळते. बहुतेक कामे इथेच फसतात.

आवर्तन, म्हणजे कालव्याला पाळीने सोडलेले पाणी, सुरू असताना काठची जमीन ओली असते आणि जोते खालून पाणी ओढते. म्हणून काम दोन आवर्तनांच्या मध्ये धरावे, पावसाळ्यात नाहीच. त्याआधी फुटकी कौले बदलावीत. जोत्याभोवती काँक्रीटचा पट्टा घालू नये, उताराची चर काढावी.

अंदाजपत्रकात चुन्याने दरजा भरण्याची बाब स्वतंत्र धरावी आणि त्या दहा दिवसांच्या पाणी मारण्याची मजुरीही त्यातच लावावी.

— जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीतले गवंडी व अभियंते, मुंबई