आई-बाबा, रत्नागिरीला या, पण आमच्याकडे आता मासे असतात

ती. बाबा आणि प्रिय आई,

फोनवर हे बोलायला गेलं की बाबा "बघू" म्हणतात आणि आई लगेच "तू जेवलीस का" वर येते, म्हणून सगळं टाइप करून पाठवतेय. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. दोघांनी शेजारी बसून वाचा, आणि बाबा, अर्ध्यात चष्मा काढून ठेवायचा नाही.

दिवाळी झाली की तुम्ही इकडे राहायला यायचं हे ठरलंय, त्यावर आता परत चर्चा नको. पण यायच्या आधी एक सांगायला हवं. आमच्या घरी रविवारचं मटण बंद झालंय. रविवारी आणि बुधवारी मासे असतात, आणि तुम्ही आल्यावरही तेच असणार. मला माहितेय बाबा, तुम्ही हे वाचून आईकडे बघाल आणि म्हणाल, पोरगी आता आपल्याला काय खायचं ते शिकवणार. तसं नाहीये. तुमच्या रविवारला हात लावताना मला किती जड गेलं ते माझं मला माहिती. सकाळी सातला पिशवी घेऊन तुम्ही निघायचात, खाटकाच्या समोर उभं राहून तुकडे निवडायचात, आणि जेवताना नळी ताटावर आपटून आधी माझ्या भाकरीवर मगज काढायचात, दादा रुसला तरी. ते मी विसरलेली नाही. पण तुमच्या अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी केबिनमध्ये काय सांगितलं ते आपण तिघांनीही ऐकलंय. रेड मीट कमी, तूप-तेल कमी, मीठ कमी. तुम्ही त्यातलं फक्त "कमी" ऐकलंत, म्हणजे आठवड्यातून एकदाच ना, मग चालतं, असं. रश्श्यावरचा तो लाल तवंग आठवड्यातून एकदा काय, तो सोमवारीही असतोच की शिळा.

आता मासेच का, ते. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते, एका वेळी शिजलेला साधारण 85 ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशोबात एक बरी तुकडी. त्यात ओमेगा-3 नावाचं, हृदयाला चांगलं असं स्निग्ध द्रव्य असतं, आणि बांगडा, तारली असल्या तेलकट माशांमध्ये ते जास्त. आई आता म्हणेल, अगं मी रोज जवसाची चटणी देते, त्यातही तेच असतं. असतं, पण वेगळ्या प्रकारचं. जवसातलं जे असतं त्याचा फार थोडा भाग शरीराला माशातल्यासारखा करून घेता येतो. चटणी बंद करू नकोस, ती चांगलीच आहे, फक्त तिच्यावर सगळा भार टाकू नकोस.

आणि आई, तुझी भीती काट्यांची आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. अण्णाकाकांचं ते काट्याचं झालं तेव्हापासून आपल्या घरात मासा शिजला की सगळे गप्प जेवायचे, तू प्रत्येक घास बोटांनी चाचपून आम्हाला भरवायचीस, आणि स्वतः नुसत्या रश्श्याशी भाकरी खाऊन उठायचीस. मला तेव्हा वाटायचं तुला मासे आवडतच नाहीत. इकडे आल्यावर कळलं की बाबा टेंभुर्णीच्या ड्युटीवरून जे आणायचे ते उजनी धरणातले रोहू आणि कटला, आणि त्या जातीच्या माशांच्या मांसातच इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे विखुरलेले असतात, कितीही नीट कापा, ते राहतातच. सुरमईला, पापलेटला तसं नसतं गं. सुरमईच्या तुकडीत मधे एक काटा, तो काढला की चिनूसुद्धा एकटी खाते. ओल्या बोंबलाचा काटा तर इतका मऊ असतो की चावला जातो. बांगड्याला मधला आणि कडेचे थोडे असतात, ते मी ताटात वाढायच्या आधी काढून देणार, तुम्हा दोघांनाही, आणि यात लाजायचं काही नाही.

वासाचंही तसंच. तुला जो चिखलासारखा वशट वास यायचा तो धरणाच्या पाण्यातून येतो. समुद्राच्या माशाचा वास वेगळा, आणि ताजा असेल तर जवळपास नसतोच. मासा शिळा व्हायला लागला की जिवाणू त्यात ट्रायमिथाइलअमाईन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. हे मी दरवर्षी बारावीला शिकवते, अमाईन हे बेस, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे असतात, आम्ल मिळालं की त्यांचा क्षार बनतो आणि मग ते हवेत उडत नाहीत. म्हणून इथे माशाला आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, चोळतात, लिंबू नाहीतर चिंच लावतात. चव म्हणून तर आहेच, पण वासही तिथेच बसतो. इतकी वर्षं फळ्यावर लिहीत होते पण माझ्या स्वतःच्या ओट्यावर ते खरं झालेलं बघून मला फार आनंद झाला, तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

शिकवलं सगळं शेजारच्या काकूंनी. ह्यांच्या करमाळ्यालाही मासे कुणी खात नाहीत त्यामुळे आम्ही दोघंही कोरेच होतो. काकू मला मिरकरवाड्याला घेऊन गेल्या, तिथे बोटी लागतात, लिलाव चालतो, सगळीकडे पाणी आणि आरडाओरडा, मी साडी वर धरून उभी. त्यांनी आधी बघायला शिकवलं. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत गेलेला पांढुरका नको. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक पाहिजे. बोटानं दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे, खळगा राहिला तर सोडून द्यायचा. बांगड्याच्या बाबतीत त्या फार कडक, बर्फाशिवाय पडलेला बांगडा फुकट दिला तरी घेऊ नको म्हणतात. आणि ते बरोबरच आहे, तो गरम जागी राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही, खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. त्यामुळे मी आणते ते बर्फातून, घरी आलं की लगेच फ्रीज, आणि त्याच दिवशी शिजवायचं.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुमचं म्हणणं की मासा म्हणजे तोंडी लावणं, त्यानं जेवण झाल्यासारखं वाटत नाही. मी त्याच्यावर खूप विचार केलाय. इथलं तिखलं असतं ते ओलं खोबरं, बेडगी मिरची, धणे वाटून, वर ठेचलेलं तिरफळ आणि सोलं म्हणजे कोकमाच्या सुक्या साली, ते मला आता प्राणाहून प्रिय झालंय, पण तुमच्या जिभेला ते पहिल्या दिवशी गोडुस लागेल. म्हणून मी आईच्या काळ्या मसाल्यात बांगड्याचं कालवण करून बघितलं. कांदा भाजून, सुकं खोबरं थोडंसंच, लसूण भरपूर, येसूर घालून रस्सा दाट केला, आणि मासा अगदी शेवटी सोडला. मटणासारखं शिजवत बसायचं नाही, दहा मिनिटांत होतं, आणि पळी घालायची नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, नाहीतर मासा मोडतो. त्याच्यात ज्वारीची भाकरी कुस्करली आणि बाबा, मला सरळ आपल्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटलं. तुम्हाला ते आवडेल. मी उगाच म्हणत नाहीये.

तळलेली तुकडीही मिळेल, पण तेलात बुडवून नाही. मीठ, हळद, आगळ लावून थोडा वेळ ठेवते, मग आलं-लसणाचं वाटण, तांदळाचं पीठ आणि रवा, लोखंडी तव्यावर चमचाभर तेल, एक बाजू नीट सुटेपर्यंत हात लावायचा नाही. कुरकुरीत होते. सुरमई मात्र कधीतरीच करते, मोठ्या शिकारी माशांमध्ये पारा साठतो, आणि महागही असते. आपले बांगडा, तारली, मांदेली असे छोटे मासेच जास्त. पापलेट सणासारखं, 2023 मध्ये राज्याचा मासा म्हणून जाहीर झालाय तो, तुम्ही आलात की पहिल्या रविवारी पापलेटच आणणार.

सुकं काही मागायचं नाही हं बाबा. ह्यांच्या मित्राने तुम्हाला खाऱ्या बांगड्याचं कौतुक सांगितलं होतं ते विसरा, त्यात मिठाशिवाय काही नसतं आणि तुमचं बीपी आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, मासे तेव्हा अंडी घालतात, तेव्हा मी खाडीचं काही चांगलं मिळालं तर आणते, नाहीतर सरळ मूग, मटकी, अंड्याचा पांढरा भाग. आणि मटण कायमचं गेलं असं समजू नका, दादा आला की, पाडव्याला, तुमच्या वाढदिवसाला होईल, चरबी काढून, रस्सा कमी. एवढं माझ्याकडून.

बाकी तुमची इथली सोय बघून ठेवलीये. खोली खालच्या मजल्यावर आहे, जिना नाही. बाथरूमला धरायला दांडी बसवली, कमोड आहे, गरम पाणी पहाटेच चालू. शाळू ज्वारीचं पोतं बार्शीहूनच मागवलंय, तांदळाची भाकरी तुमच्यावर लादणार नाही. आई, तुझा देव्हारा पूर्वेच्या भिंतीला, तिथून स्वयंपाकघर दिसतही नाही. सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण, या दिवसांत मासे घरात येत नाहीत, एकादशी बुधवारी आली तर तो बुधवारही सोडते. तुझी पातेली, तवा, पोळपाट वेगळे काढलेत, त्यांना दुसरं कुणी हात लावणार नाही. आणि तुला मासे खायचेच नसतील तर नको खाऊस आई, खरंच, तू नुसती जवळ बस. फक्त वासानं दार लावून आत बसू नकोस, मला वाईट वाटेल.

तुम्ही तिकडे दोघंच असता आणि रात्री फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं. दादा आहे, वहिनी सगळं करते, माझी त्यांच्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही, हे वहिनीलाही सांगा. पण मला तुम्ही डोळ्यांसमोर हवे आहात. फेब्रुवारीत आयसीयूच्या काचेतून बाबांकडे बघत उभी होते तेव्हाच मी हे मनात ठरवलं होतं.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, मासे खातोय म्हणून गोळी कमी असलं काही नसतं. गल्लीतल्या कुणी फिश ऑइलच्या कॅप्सूल दिल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. फाइल, जुने ईसीजी, डिस्चार्जचा कागद एका पिशवीत, ती पिशवी डिकीत नाही, हातात. हे गाडी घेऊन येतील, सोलापूर-मिरज-कोल्हापूर असं येऊ, कोल्हापूरला मुक्काम करू, आंबा घाट दुसऱ्या दिवशी सकाळी. आई, घाटात तुला मळमळतं, आवळा सुपारी जवळ ठेव आणि पुढच्या सीटवर बस, बाबांशी त्यावरून वाद नको. स्वेटर नकोत, इथे दमट असतं, सुती कपडे जास्त घ्या. आणि येसूर, काळा मसाला आणि शेंगाची चटणी आण, इथे तसली मिळत नाही, कालवणाला येसूर तुझ्याच हातचा पाहिजे.

शनिवारी रात्री फोन करते, तोवर बाबांकडून हो म्हणवून ठेव.

तुमची
पमी