निळ्या पट्ट्याच्या बोटीवरच्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, तुमचं नाव विचारायचं राहिलंच, सकाळी उठून बघितलं तर तुम्ही निघून गेला होता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या दिवशी फोरकास्ट फोर्स ५ चा, म्हणजे ताशी साधारण ३०-४० किमी वाऱ्याचा होता आणि आम्ही दोघंच होतो, ३४ फुटी शिडाची बोट. दुपारी वारा ३० नॉट्सच्या (ताशी साधारण ५५ किमी) वर गेला. भूशिराजवळ ओहोटीचं पाणी वाऱ्याच्या उलट धावत होतं, त्यामुळे लाटा जवळजवळ आणि अगदी उभ्या येत होत्या, बोट वर चढायची आणि धाडकन आपटायची. शीड लहान करायला मी उशीर केला. दुसरा रीफ, म्हणजे शीड आणखी एक टप्पा गुंडाळून लहान करणं, एक तास आधीच घ्यायला हवा होता, हे मला आजही टोचतं. नवऱ्याला बोट लागली होती, तो कॉकपिटमध्ये हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारा पट्टा) लावून नुसता पडून होता आणि सुकाणू चार तास माझ्याच हातात.

खाडीत शिरलो तेव्हा लाटा थांबल्या, पण डोंगरावरून झोत येतच होते. मी नांगर टाकला आणि तो धरेचना. बोट मागे मागे सरकतेय, मागे खडक, वर काढला तर नांगराला शेवाळाचा हा एवढा गठ्ठा. दुसऱ्यांदा टाकला, तेच. तेव्हा मला खरंच रडू फुटलं होतं.

आणि रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर, जिथे सगळ्या बोटी ऐकत असतात, तुमचा आवाज आला. बोलायला ७२ नंबर चॅनलवर या म्हणालात, आणि तिथे पहिला प्रश्न, "किती जण आहात, सगळे ठीक आहात ना?" त्या एका प्रश्नाने माझे हात थरथरायचे थांबले काका.

मग तुम्ही एकेक गोष्ट सांगत गेलात. तिथे शेवाळ आहे, माझ्या मागच्या बाजूला या, फिकट पाणी दिसतंय ती वाळू आहे. साउंडर, म्हणजे खोली मोजणारं यंत्र, ६ मीटर दाखवत होता आणि मी नांगराची २५ मीटर चेन सोडलेली. तुम्ही म्हणालात, ओहोटी आत्ता संपलीय, अजून २ मीटर पाणी चढेल, बोटीच्या नाकाची उंची १ मीटर धरा, म्हणजे ९, चेन त्याच्या पाचपट तर हवीच आणि या वाऱ्यात ६० सोडा, जागा आहे. हे गणित मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या क्षणी डोकं चालतच नव्हतं. मग इंजिन हळूहळू रिव्हर्सला घ्या, चेनवर हात ठेवा, थरथर जाणवली तर नांगर घसरतोय, आणि किनाऱ्यावरचं झाड आणि मागचा खडक एका रेषेत राहतोय का ते बघत राहा. राहिला! हललाच नाही.

तुम्ही कंट्रोल स्वतःकडे घेतला नाहीत, ओरडला नाहीत, घाई केली नाहीत. आम्ही तुमच्या इतक्या जवळ आलो तरी तक्रार नाही, तुम्ही शांतपणे स्वतःच्या बोटीला फेंडर (धक्का झेलणारे फुगे) बांधून डेकवर उभे राहिलात. अनोळखी माणसासाठी इतकं कोण करतं?

संध्याकाळी वारा जरा उतरल्यावर डिंगीतून (छोट्या होडीतून) येऊन नायलॉनचा जाड दोर दिलात, चेनला बांधा म्हणजे झटका तो खाईल. रात्री २ वाजता मी बाहेर आले तर तुमच्या डेकवर टॉर्च होता, आमच्या बोटीकडे वळलेला. त्यानंतर मी झोपले, नवराही झोपला.

दोर अजून आमच्याकडेच आहे, गोड्या पाण्यात धुऊन गुंडाळून ठेवलाय. कुठल्याही खाडीत आमची बोट दिसली तर हाक मारा काका, आम्ही १६ वर ऐकत असतो.