तात्या, वाफसा हाताला दाखवलात

ती. तात्या,
साष्टांग नमस्कार.

मार्चात तुम्ही आमच्या परड्यात आलात ते शिडी मागायला. टोमॅटोची बारा रोपं तेव्हा पिवळी पडत चालली होती आणि हिरव्या फळांच्या बुडाशी चामड्यासारखे काळे डाग धरले होते. रोग समजून मी दोनदा फवारणीही केली होती. पाणी म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ पाइपनं पानं धुऊन काढायची, आणि कामात अडकले की चार-चार दिवस तिकडं फिरकायचंच नाही.

तुम्ही औषधाचं विचारलंही नाहीत. खुरप्यानं वीतभर उकरलंत, मूठभर माती माझ्या हातात दिलीत आणि "दाब" म्हणालात. बोटांच्या फटींतून चिखल बाहेर आला. "मुळं गुदमरल्यात बाई. वाफसा येऊ दे, मग पाणी." मातीचा लाडू वळावा आणि अंगठ्यानं दाबला की फुटावा, तो वाफसा. सांगलीच्या काळ्या मातीत जन्म गेला, शब्द शंभरदा ऐकला, पण हाताला लागला तो त्या दिवशी.

डागाचा उलगडाही तुम्हीच केलात. फळाला कॅल्शियम पोचतं ते पाण्याबरोबर. कधी तुंबवायचं, कधी कोरडं ठेवायचं, असं केलं की फळाच्या टोकापर्यंत ते जात नाही, आणि तिथंच काळं पडतं. माझ्या मातीत काही कमी नव्हतं, पाण्याचाच मेळ नव्हता. पिकायला आलेली फळं तडकत होती तीही त्यामुळंच.

दुसऱ्या दिवशी हरिपूरच्या रानातून पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचा, भारा आणून तुम्ही स्वतः आळ्यांत पसरलात, खोडाला चिकटू न देता. दुपारी पानं माना टाकायची तेव्हा मी पाइप उचलायची; "संध्याकाळी बघ" म्हणालात. ऊन उतरल्यावर ती आपोआप ताठ झाली. तेव्हापासून आधी पाचट सारून बोट घालते. कोरडं लागलं तरच सकाळी, बुडाशी, सावकाश मुरेल असं पाणी देते. पानांवर थेंब नाही.

तात्या, तुमचे उपकार खूप आहेत. नवीन फळं बुडापर्यंत लालबुंद, स्वच्छ आली आहेत. रविवारी पाटीभर घेऊन येते. काकूंना सांगा, सारासाठी बाजारातून टोमॅटो आणू नका. आणि शिडी त्या दिवशी तुम्ही नेलीच नाहीत, तीही आणते.

तुमची,
समोरच्या घरातली लेक