जुना लर्निंग कन्सोल भंगारात टाकू नका, मुलांना उघडू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवरचा लेख वाचला. लेख चांगलाच होता, पण शेवटी हॅक केलेली खेळणी मुलांच्या हातात देऊ नका असं सरसकट म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही, म्हणून हे पत्र. आठवीतला माझा भाचा आणि मी दोघं मिळून हेच काम करतो, लहान मुलांच्या अभ्यासासाठी निघालेले जुने हँडहेल्ड कन्सोल (हातात धरून खेळायची गेमची यंत्रं) घेतो आणि त्यात आपला स्वतःचा प्रोग्राम चालवतो, आणि त्याच्यापासून मुलाचं काही बिघडतं असं मला तरी दिसलेलं नाही.

आमच्याकडचा डिज नावाचा कन्सोल बघा. अमेरिकेतल्या लीपफ्रॉग कंपनीने २००८ मध्ये सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी काढला होता, खेळता खेळता गणित आणि स्पेलिंग शिकायचं अशी कल्पना. तो फारसा चालला नाही आणि दुकानांनी किंमत पाडून काढून टाकला. पण आत बघाल तर ३९३ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, २५६ एमबी फ्लॅश, ३२० बाय २४० चा रंगीत स्क्रीन, आणि सगळं चालतं लिनक्स ह्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, म्हणजे तो एक अख्खा कॉम्प्युटरच आहे, फक्त त्यावर कंपनीने दिलेलंच चालणार असं कंपनीने ठरवलेलं. लिनक्सचं लायसन्स असं आहे की तुम्ही ते वस्तूत घालून विकलंत तर त्याचा सोर्स कोडही (म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर) द्यावा लागतो, कंपनीने तो दिला, आणि तिथूनच हौशी लोकांनी हळूहळू बाकीचं शोधून काढलं. दुसरी मदत अशी झाली की डिजमधल्या प्रोसेसरच्याच जातीची पोलक्स नावाची चिप कोरियातल्या जीपी२एक्स विझ नावाच्या कन्सोलमध्येही होती, आणि तो तर लोकांनी स्वतः प्रोग्राम लिहावेत म्हणूनच विकला जायचा, त्यामुळे एकीकडचं शिकलेलं दुसरीकडे कामाला आलं.

करायचं काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण हॅक म्हटलं की लोकांना काहीतरी भयंकर वाटतं. कन्सोलची सिरीयल लाइन, म्हणजे आतला प्रोग्राम बाहेरच्या कॉम्प्युटरशी बोलतो ती तार, शोधायची, तिला यूएसबी-सिरीयल अ‍ॅडॉप्टर जोडायचा (३.३ व्होल्टचाच घ्या, ५ चा लावून बोर्ड जाळू नका) आणि कॉम्प्युटरवर टर्मिनल, म्हणजे त्या तारेवरून येणाऱ्या ओळी दाखवणारी खिडकी, उघडायचं. भाच्याने बटण दाबलं आणि स्क्रीनवर लिनक्स उठतानाच्या ओळी भराभर सरकायला लागल्या तेव्हा तो ओरडलाच, मामा हे तर आतून बोलतंय! त्यानंतर त्याने तीन दिवस मोबाइलला हात लावला नाही असं ताई सांगते.

आणि मग त्याने काय केलं तर पाढे. त्या कन्सोलवर मराठी कधी आलंच नव्हतं, येणारही नव्हतं. ह्याने आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर सी ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न असं एकेक ओळ दाखवणारा, बटण दाबलं की पुढची ओळ. त्यात देवनागरीचा फॉन्ट नव्हता म्हणून चौकटीच्या वहीत एकेक अक्षर ठिपक्यांनी काढलं आणि ते आकडे करून प्रोग्राममध्ये भरलं. पहिल्यांदा अक्षरांमधली शिरोरेघ तुटक यायची, प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे एक ठिपका रिकामा राहत होता म्हणून. ते त्याचं त्यालाच सापडलं आणि त्याने सगळी अक्षरं पुन्हा बसून दुरुस्त केली, जोडाक्षरं वेगळी काढली, एक्कावन्नमधला क्क नीट दिसेपर्यंत उठला नाही. आता त्याची धाकटी बहीण त्याच्यावर पाढे म्हणते. एवढा धीर कुठल्या क्लासला जाऊन येतो ते मला सांगा.

कायद्याचा मुद्दाही लोक काढतात. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट सोय आहे की वस्तू तुमच्याकडे कायदेशीररीत्या असेल तर आपला स्वतंत्र प्रोग्राम तिच्यातल्या प्रोग्रामबरोबर चालावा यासाठी लागणारी आणि सहज न मिळणारी माहिती काढण्याचं काम तुम्ही करू शकता. २०१२ मध्ये कंपनीने घातलेलं डिजिटल कुलूप तोडण्याबद्दलचं ६५अ कलम आलं त्यातही कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी सूट ठेवलीय. दुसऱ्याचे गेम फुकट उतरवून घालणं मात्र चोरीच आहे, ते मी भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितलंय आणि ते आमच्याकडे होत नाही. ह्या दोन गोष्टी एकाच पोत्यात घालू नयेत एवढंच माझं म्हणणं.

बरं सुरक्षिततेचं म्हणाल, तर कंपनीचं अधिकृत ते सुरक्षित हेही काही खरं नाही. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या व्हीटेक ह्या मोठ्या खेळणी कंपनीच्या सर्व्हरमधून सुमारे ४८ लाख पालकांची खाती आणि ६० लाखांहून जास्त मुलांची माहिती बाहेर गेली, नावं, वाढदिवस वगैरे. अमेरिकेत त्यावरून २०१८ मध्ये साडेसहा लाख डॉलर दंड झाला. (लीपफ्रॉगही २०१६ पासून ह्याच व्हीटेकच्या मालकीची आहे.) आमचा उघडलेला डिज कुठल्याच सर्व्हरला जोडलेला नाही, त्यात काय आहे ते ओळ न ओळ आम्हाला माहीत आहे. उलट आमच्याच घरात दुसऱ्या एका कंपनीचं खेळणं पडून आहे, नाव घेत नाही, त्याचं ऑनलाइन दुकान बंद झालं आणि विकत घेतलेले धडे परत भरताच येत नाहीत, वस्तू धडधाकट, बॅटरी चालते, स्क्रीन चालतो, आणि तरी निकामी. कंपन्यांनी सेवा बंद करताना निदान वस्तू मोकळी करून द्यावी, त्यात त्यांचं काय जातं? सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय, त्यात मुलांच्या अशा उपकरणांचाही विचार व्हायला हवा. त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांच्या यादीत हँडहेल्ड व्हिडिओ गेमचं नाव आहे म्हणजे हा कचरा होतो हे सरकारलाही मान्य आहे, मग तो होण्याआधीच थांबवा की.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या वाचकांमध्ये असे कितीतरी लोक असतील ज्यांच्या माळ्यावर अमेरिकेहून कुणी आणलेला डिज किंवा लीपफ्रॉगचाच लीपस्टर हा कन्सोल पडलाय, टीव्हीला जोडायचा कीबोर्डवाला गेम पडलाय. बऱ्याच शाळांत आता अटल टिंकरिंग लॅब आहेत, सहावी ते बारावीच्या मुलांनी हाताने वस्तू बनवून शिकावं म्हणून सरकारी योजनेतून काढलेल्या, तिथे सोल्डरिंग गन असते, यूएसबी-सिरीयल अ‍ॅडॉप्टर दीडदोनशे रुपयांत मिळतो आणि मुलं तर वाटच बघत असतात. वाचकांनी ही खेळणी भंगारवाल्याला न देता आपल्या भागातल्या लॅबच्या सरांना किंवा मॅडमना विचारून तिथे द्यावीत असं आपण पुरवणीत चार ओळींत छापलंत तर फार बरं होईल. फक्त देण्याआधी जुने सेल काढून घ्या, गळलेले असतील तर स्प्रिंग व्हिनेगरने पुसून कोरडी करा, आणि आत मुलाचं नाव, फोटो किंवा आवाज साठवलेला असेल तर तो आठवणीने पुसून टाका.

आपला,
एक वाचक, नाशिक