मंत्रीसाहेब, हाड मोडल्यावरच मोजणार का?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ नागरिक दिनाला आमच्याकडे मांडव पडला, आईला शाल-नारळ मिळाला आणि एका पुढाऱ्याने माईकवर सांगून टाकलं की हाडांची घनता मोजायचं डेक्सा मशीन दिवाळीच्या आत येणार. दिवाळी गेली, होळी पण गेली. परवा आई मोरीत नुसती वळली आणि खुबा मोडला. डॉक्टर म्हणे, "वय झालंय, होणारच."

मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यामुळे हे "वय झालंय" मला पचत नाही. वय झालं म्हणजे आत नेमकं काय झालं? हाड आयुष्यभर आतून तोडून परत बांधलं जातं साहेब, आणि बांधणाऱ्या पेशींना कोलॅजन, म्हणजे हाडाच्या सांगाड्याचं प्रथिन, बनवायला भरपूर ऊर्जा लागते, ती देतात मायटोकाँड्रिया, पेशीतली छोटी वीजघरं. वयाबरोबर तेच बिघडतात, ऊर्जा कमी आणि पेशीला जाळणारे ऑक्सिजनचे रेणू जास्त, मग मज्जेतल्या मूळ पेशी हाडाऐवजी चरबीकडे वळतात, तोडणाऱ्या पेशींचं काम मात्र चालूच, त्यात पाळी गेली की त्यांच्यावरचा इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा लगामही सुटतो. २००४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी उंदरांच्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत चुका साठतील अशी व्यवस्था केली, तर ऐन तारुण्यात त्यांचे केस गळले, पाठीला बाक आला, हाडं ठिसूळ झाली.

यावर हाडांसाठी मायटोकाँड्रियाची गोळी अजून नाही, मान्य. पण झीज मोजता तर येते ना? टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडाच्या तुलनेत आपलं हाड किती विरळ ते सांगणारा आकडा, उणे अडीचवर गेला की आठवड्यातून एकदाची गोळी आहे, वर्षातून एकदाचं इंजेक्शन आहे. चालणं, थोडं वजन उचलणं याने स्नायूंतले मायटोकाँड्रिया सुधारतात, तोल राहतो. आईला यातलं कुणी काही सांगितलं नाही. शाल दिली, छान आहे शाल.

पन्नाशीनंतर तीनात एकीचं हाड असं मोडतं, खुबा मोडलेल्यांतले वीसेक टक्के वर्षात जातात म्हणे, आणि तुमच्या २०१० च्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात कॅन्सर, मधुमेह, हृदयरोग, पक्षाघात सगळं होतं, हाडं सोडून. बीपी-शुगर बघायला घरी येता, आजीला खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का एवढं बघायला कुठलं मशीन लागतं?

आईच्या खुब्यात नवा बॉल बसवायला पाटल्या गहाण पडल्या. रात्री बेडपॅन सरकवताना आई पदर तोंडात धरते, शेजारच्या खोलीत माझ्या मुलाची बारावी चालू आहे म्हणून. मी तासिका तत्त्वावर, घरी बसले की पगार शून्य. पोरांना पेशी शिकवणाऱ्या बाईला सरकार तासावर मोजतं, जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवतं आणि मांडवाला पैसे कुठून येतात ते विचारायचं नाही!

एक डेक्सा मशीन जिल्ह्याला, एक फिजिओथेरपिस्ट तालुक्याला, गोळ्या सरकारी दवाखान्यात. फाइल कुठल्या टेबलावर अडलीय तेवढं तरी कळवा.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका

ता.क. हे पत्र "योग्य त्या कार्यवाहीसाठी" खाली पाठवू नका, खालून ते परत वरच येतं.