‘एट हंड्रेड’ची ताकद सायलेन्सरमधून येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी मारुती ८०० ‘दमदार’ कशी करावी, यावर पानभर लेख आला होता. कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर, रुंद टायर, बॉनेटवर पट्टे. इंजिन उघडण्याबद्दल मात्र एक ओळ नाही. सोमवारी सकाळी तेच पान घडी करून खिशात घातलेली दोन पोरं आमच्या दारात उभी राहिली, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

शिवाजी उद्यमनगरात आमचं लहानसं मशीन शॉप आहे. वडिलांनी बोरिंगचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून पुन्हा गोल करायचं काम सुरू केलं, ते आता भाऊ बघतो. सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, माझ्याकडे: फेसिंग (घासून सपाट करणं), गाईड (व्हॉल्व्हची दांडी धरणारी नळी) बदलणं, सीट (व्हॉल्व्हची बैठक) कटिंग, लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं). बाई हेड घासते म्हटल्यावर पूर्वी गिऱ्हाईक ‘अण्णा कुठायत?’ विचारायचं. आता हेड टेबलावर ठेवतं आणि थेट घासाघीस सुरू करतं, दराची.

ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत बंद झाली. त्यातल्या कार्बोरेटरच्या (पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) गाड्या अजून आमच्याकडे येतात, आणि हे पत्र त्यांच्यापुरतंच आहे. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२. नवी कोरी असतानाही चाळिशीच्या आतलेच घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर. पंचवीस-तीस वर्षं चालल्यावर त्यातले किती उरले, हे न बघताच वर आणखी चढवायला निघायचं, याला माझी हरकत आहे.

बघायचं कसं? इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टर फिरवा. तिघांच्या आकड्यांत चौरस सेंटीमीटरला एक किलोपेक्षा जास्त फरक आला तर गडबड आहे. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा गेज लावायचा. काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर गेलेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, नाहीतर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय. तीनच सिलिंडर असलेल्या गाडीत एक आजारी पडला की गेला तिसरा हिस्सा. आंबा घाटात सेकंड गिअरवर रडणाऱ्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा इथंच सापडतं.

दुसरी जागा डिस्ट्रिब्युटर, प्लगांना ठिणगी वाटून देणारा. त्यावर व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा डबा असतो, त्याचा पडदा कालांतराने फाटतो. पडदा फाटला तरी गाडी चालू होते, चालते, म्हणून कुणी तिकडे बघत नाही. पण हलक्या पायाने चालवताना ठिणगी जितकी आधी पडायला हवी तितकी पडत नाही. गाडी आळसावते आणि ॲव्हरेज जातं. नळी काढून तोंडाने हवा ओढून बघायची, धरून राहिली तर पडदा ठीक. एवढं केल्यावर टॅपेट, प्लगचा गॅप, टायमिंग. पुष्कळ गिऱ्हाइकांना इथवर आल्यावरच वाटतं की गाडी ट्यून झाली. खरं तर ती कंपनीतून निघाली होती तिथं परत आलेली असते.

यापुढे खरोखर वाढवायचं असेल तर माझं टेबल. ‘बोअर मारून सीसी वाढवा’ असं पोरं म्हणतात. हिशेब करा: अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाकलं की बोअर ६९ होतो आणि ७९६ चे होतात साधारण ८०८. बारा सीसी म्हणजे दीड टक्का. झिजलेला बोअर गोल करायला बोरिंग करायचं, घोडे वाढवायला नाही. हेडचंही तसंच. एका सिलिंडरमध्ये २६५ सीसी हवा येते, ८.७ चं कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) असेल तर पिस्टन वर आल्यावर तिला साडेचौतीस सीसी जागा उरते. ते साडेनऊ करायचं तर ३१ वर आणावी लागते, म्हणजे सव्वातीन सीसी कमी. तेवढं हेड घासायचं तर मिलिमीटरच्या घरात जावं लागतं, आणि ताकदीत हाती येतात कागदावर अडीच टक्के. शिवाय हेड खाली आलं की कॅमशाफ्ट क्रँकच्या जवळ येतो, बेल्टवरचं व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, थोडं मागं पडतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतरही कमी होतं. ते मी मुलांच्या खेळातली चिकणमाती पिस्टनवर थापून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून मोजते. ‘घासा की अजून, काय होतंय’ असं म्हणणारा भेटतोच. त्याला मी ती दबलेली माती हातात देते.

मग फायदा कशात आहे? सीटमध्ये. व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती ४५ अंशाची पट्टी, तिच्या अलीकडे ३० आणि पलीकडे ६० असे तीन कट नीट घेतले, पट्टीची रुंदी सगळीकडे सारखी ठेवली, गाईडमधला खेळ काढला आणि मॅनिफोल्डचं (हेडला जोडलेल्या नळ्यांचं) तोंड हेडच्या पोर्टशी, म्हणजे हवेच्या वाटेशी, जुळवलं, तर हवा अडखळत नाही. गॅस्केट आत डोकावत असेल तर ती कापायची. इनटेक पोर्ट आरशासारखा चकचकीत करून मागतात, तो मी करत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचे थेंब त्या गुळगुळीत भिंतीवरून ओघळतात, हवेत मिसळत नाहीत. जरा खरखरीत असलेला बरा. हे काम गाडीखाली वाकून बघणाऱ्याला दिसत नाही, मोबाइलवर व्हिडिओ करण्यासारखं तर मुळीच नाही, म्हणून ते लेखात नव्हतं असा माझा समज आहे.

कोन फिल्टरबद्दल मात्र बोललं पाहिजे. मूळ फिल्टरचा डबा काढून तो लावला की इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढायला लागतं. बाहेर २५ अंश आणि आत ५५ असेल तर ती हवा नऊ टक्क्यांनी विरळ. हजारो रुपये घालून नऊ टक्के घालवायचे आणि वर फुर्रर्र आवाज ऐकून खूश व्हायचं! वजनाचंही कुणी बोलत नाही. ही गाडी साडेसहाशे किलोच्या आसपासची. डिकीतली बेसची पेटी, जुनी बॅटरी, गेल्या पावसाळ्यापासून पडलेली शहाबादी फरशी असं पासष्ट किलो उतरवलं तर दहा टक्के ताकद वाढल्यासारखी गाडी उठते. फुकटात.

लहान गाडी जोरात पळवणं हा काही गुन्हा नाही, ती एक जुनी विद्या आहे. इंग्लंडात मिनी गाडी १९५९ साली ८४८ सीसी आणि ३४ घोड्यांवर निघाली. रेसिंग गाड्या बनवणारे जॉन कूपर यांच्या नावाने १९६१ मध्ये आली ती ९९७ सीसी, दोन कार्बोरेटर आणि ५५ घोडे घेऊन. तिचीच पुढची आवृत्ती, कूपर एस, १९६४, ६५ आणि ६७ साली मॉंटे कार्लो रॅली जिंकली. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे: घोडे वाढवले त्याच गाडीत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले. आमच्याकडे करूळ घाट उतरायची हौस असलेली पोरं ब्रेकचं ऑइल शेवटचं कधी बदललं, हे सांगू शकत नाहीत. आधी ब्रेक दाखवून या म्हटलं की काही परत येतात, काही दुसऱ्या शॉपमध्ये जातात. जाऊ देत.

आता पेट्रोल. पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्या जेटवर (पेट्रोल मापून सोडणाऱ्या छिद्रावर) चालणाऱ्या कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण हलकं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. परिणामी पिकअप जातो, व्हॉल्व्ह तापतात. जेट एक माप मोठा लागतो. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, फ्लोटची सुई हे आधी बदलायचं, नाहीतर गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकेल. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची: ऑक्टेन ९१ चा ९५ झाला, त्यामुळे थोडं वाढवलेलं कॉम्प्रेशन पूर्वीसारखं नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) करत नाही. गाडी चालवणाऱ्याला या पानावर खरी गरज होती ती या माहितीची.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतला तपशील आणि कंपनीने ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत तेच उचलून धरलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदलागणिक पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद आणली. पन्हाळ्याच्या रस्त्यावर रात्री फटाके फोडत जाणाऱ्या सायलेन्सरवर रोलर फिरतो, तो फिरावाच. पण आरसीवर ७९६ लिहिलेलं असतं आणि अर्धा मिलिमीटर बोरिंग केलेलं प्रत्येक इंजिन ८०८ चं असतं. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या सगळ्या शहरांत हे रोज घडतं. तीन कोनांत कापलेली सीट ही दुरुस्ती की बदल? मोठा जेट? कॉम्प्रेशन? नाक्यावर फक्त आवाज पकडला जातो, त्यामुळे शांतपणे केलेलं धोकादायक काम सुटतं आणि नीट केलेल्या कामालाही लोक चोरीचं काम समजतात.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढच्या पुरवणीत प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना ही चार कामं कायद्यात बसतात का, हे नावानिशी विचारून त्यांची उत्तरं छापा: ओव्हरसाइझ पिस्टन, हेड फेसिंग, मोठा जेट आणि ब्रेकमधला बदल. उत्तर ‘नाही’ असेल तरी चालेल, आम्ही तसा बोर्ड लावू. आणि लेखकमहाशयांना उद्यमनगरात यायचं असेल तर दुपारनंतर या, सकाळी टेबल मोकळं नसतं. गाडी स्वतःची आणा. गेज आमच्याकडे आहे.

आपली,
सिलिंडर हेडचं काम करणारी एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर